नंबरकाकांचं शिफारसपत्र

नंबरकाकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. नंबर मात्र एकदा काढला की जन्मभर डोक्यात. रस्त्यात कुणी हात केला की ते क्षणभर गोंधळत, मग समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत आणि ओळख पटली की खुलत. "अरे, मायनस सव्वातीन! डावा काय म्हणतोय?" समोरच्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. आसपासच्या चार रस्त्यांवरच्या निम्म्या नाकांवर काकांनी घासलेल्या काचा होत्या. ज्या माणसामुळे आपल्याला बसवरची पाटी वाचता येते, त्याने आपल्याला काय वाटेल ते म्हणावं, असं लोकांचं मत होतं.

चष्म्यांचं दुकान चिंचोळं होतं. पुढे काचेच्या फळ्यांवर फ्रेमा आणि गल्ल्यावर काकू. मध्ये नंबर काढायचा बोळ. तो इतका आखूड होता की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगून समोरच्या आरशात वाचायला लावावा लागे. मागे घासखोली: काचा घासायचं चाक, त्याच्यावर ठिबकणारं पाणी, पांढरा चिकट गाळ आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. काका बोलायला कंजूष होते आणि लिहायला महाकंजूष. तीस वर्षांत त्यांनी कागदावर आकड्यांपलीकडे फारसं काही लिहिलं नव्हतं. बोलायचं खातं काकूंकडे होतं, आणि ते बारा महिने जोरात चालायचं.

एका बुधवारी पडदे शिवणारी एक बाई जवळचा नंबर काढायला आली. सुईत दोरा जाईनासा झाला होता. सोबत आठ वर्षांची मुलगी होती. आईचा नंबर काढून होईपर्यंत मुलीने काउंटरवरची एक जाडी काच उचलली, हात लांब करून तिच्यातून दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, यातून रस्ता उलटा का दिसतो?"

"तसाच दिसतो," काका म्हणाले.

"हे उत्तर नाही झालं."

काकू फिसकन हसल्या. काकांनी मुलीच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं. नंबर शून्य. दोन्ही डोळे स्वच्छ, निर्मळ, धंद्याच्या दृष्टीने बिनकामाचे. "पुढच्या बुधवारी ये, सांगतो," ते म्हणाले, आणि म्हणून बसले खरे, पण मग लक्षात आलं की आपल्यालाही ते नीटसं माहीत नाही. शिकताना सूत्रं पाठ केली होती, परीक्षेत ओकली होती आणि त्यानंतर चाकाने काम भागवलं होतं. त्या आठवड्यात काकांनी माळ्यावरून जुनं पुस्तक काढलं, त्यावरची धूळ झटकली आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरखाली धरून वाचायला लागले. काकू म्हणाल्या, "एवढा अभ्यास तेव्हा केला असतात तर डॉक्टर झाला असतात."

बुधवारी मुलगी हजर. काकांनी रेघा काढून समजावलं. तिने तीन प्रश्न विचारले; दोनांची उत्तरं आली, तिसऱ्यासाठी पुढचा बुधवार लागला. आणि असे ते बुधवार सुरू झाले ते नऊ वर्षं चालले. काका तिला शून्य म्हणत. कुणी नवखा दचकला की काकू खुलासा करत, "अहो, शून्य म्हणजे दोषच नाही! आमच्या धंद्यात याहून मोठी पदवी नसते."

भर दुपारी ही पोर शाळा सोडून दुकानात कशी, हा प्रश्न काकूंनी दुसऱ्याच बुधवारी आईला विचारला होता. तर ती शाळेत जातच नव्हती. तिसरीत असताना खोकल्याने पाच महिने घरी बसली. आई मशीनवर पडदे शिवता शिवता तिचा अभ्यास घेई. पडद्याच्या चुण्यांनी भागाकार, कापडाच्या ताग्याने दशांश. बरी होऊन शाळेत गेली तर वर्गात जे पान चाललं होतं ते घरी कधीच उलटून झालेलं. एके दिवशी तिने विचारलं, "आई, मी घरीच शिकू का?" वडील पार्सलची गाडी चालवायचे. ते म्हणाले, "बघू एक वर्ष." ते एक वर्ष रबरासारखं ताणत गेलं. आईने आठवडा बांधून टाकला होता: सोमवारी वाचनालय, मंगळवारी घरी गणित, बुधवारी चष्म्याचं दुकान, गुरुवारी वडिलांबरोबर गाडीत नकाशे, शुक्रवारी निबंध. रोज काय केलं ते ती एका वहीत लिहून ठेवी. लोक नाकं मुरडत. "मुलीचं वाटोळं करणार ही बाई," असं पडदे न्यायला आलेली गिऱ्हाइकं तोंडावर सांगत. आई म्हणे, "वाटोळं झालं तर शिवून सरळ करीन. पडद्याची उंची बघून घ्या."

एका बुधवारी घासखोलीच्या खिडकीला आईकडचं पडद्याचं जाड अस्तर ठोकून काका आणि शून्यने खोली काळीकुट्ट केली. अस्तराला नाण्याएवढं भोक पाडून त्यात प्लस अर्ध्याची काच बसवली, आणि समोरच्या भिंतीवर अख्खा रस्ता उलटा चालायला लागला. छताजवळून सायकलवाला गेला. कुत्रं डोक्यावर शेपटी घेऊन जमीन हुंगत होतं, फक्त जमीन वर होती. काकू दुकान उघडं टाकून आत आल्या, अर्धा तास स्टुलावर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं या खोलीत मी फक्त फडकी वाळत घातली."

पण काकांना ती पोर खरी कळली ती सुताराच्या प्रकरणात. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. सुताराला दूरचा नंबर थोडा आणि तिरका नंबर भरपूर होता. अशा काचेचं एक असतं: ती ठरावीक कोनातच बसवावी लागते, चष्मा जरा कलला की चित्र बिघडतं. नवा चष्मा घेऊन गेला आणि चार दिवसांनी परत आला. "काका, फळी वाकडी दिसते." काकांनी तपासलं, सगळं बरोबर. दुकानात बसून तो शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवी. परत गेला, परत आला. तिसऱ्या खेपेला तो चष्मा काउंटरवर आपटून म्हणाला, "माझ्या तीन खिडक्या वाकड्या झाल्यात. त्यातून बाहेर बघणाऱ्या लोकांनाही आता तुमच्याकडे पाठवू का?"

तो गेल्यावर काका डोकं धरून बसले. शून्य म्हणाली, "काका, हे आमच्याकडे पडद्याचे दांडे बसवायला येतात ना, तेव्हा त्यांच्या उजव्या कानावर पेन्सिल असते."

"मग?"

"दुकानात येताना ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येतात. पेन्सिल घरी."

काकांनी उठून स्वतःच्या कानावर पेन्सिल खोचली, वर चष्मा चढवला आणि आरशात पाहिलं. उजवी दांडी पेन्सिलीवर चढून बसली होती आणि चष्मा तिरपा झाला होता. शून्यने कोनमापक लावून मोजलं: सहा अंश. सुताराला निरोप गेला. तो आला, हसला आणि म्हणाला, पेन्सिल काही सुटायची नाही, बाविसाव्या वर्षापासून तिथे आहे. काका म्हणाले, "मग मी काय करू?" त्यावर शून्य म्हणाली, "पेन्सिलीसकट नंबर काढा ना." तसा काढला. सहा अंश फिरवून काचा बसवल्या. डबीवर काकूंनी चिठ्ठी चिकटवली: 'हा चष्मा पेन्सिल लावूनच वापरावा.' त्यानंतर सुताराची एकही खिडकी वाकडी झाली नाही.

सतराव्या वर्षी शून्यने कॉलेजचा अर्ज आणला. भौतिकशास्त्र शिकायचं होतं. कॉलेजची प्रवेशपरीक्षा तिने दिली: गणितात फार छान, भौतिकीत त्याहून छान आणि रसायनात काठावर. परीक्षेचं ठीक होतं, अडलं अर्जावर. 'शाळेचं नाव.' 'शाळेचा क्रमांक.' 'शेवटच्या तीन वर्षांची गुणपत्रकं.' 'शाळा सोडल्याचा दाखला.' हा शेवटचा कागद तेवढा आईकडे होता, व्यवस्थित पिशवीत घालून ठेवलेला. तो पाहून प्रवेश खिडकीवरचा कारकून म्हणाला, "बाई, यावर इयत्ता तिसरी लिहिलंय."

"हो. तिसरीतच सोडली."

"म्हणजे तिसरीनंतर डायरेक्ट कॉलेज?"

"मधली नऊ वर्षं या पिशव्यांत आहेत," असं म्हणून आईने पडद्याच्या कापडाच्या तीन पिशव्या खिडकीवर चढवल्या. कारकुनाने घाईघाईने माहितीपुस्तक उलटलं आणि त्यात खरंच एक परिच्छेद निघाला: घरी शिकलेल्या उमेदवारांनी पालकांनी केलेलं वर्षवार अभ्यासाचं विवरण द्यावं, आणि नात्यात नसलेल्या पण उमेदवाराला शिकवलेल्या एका व्यक्तीचं शिफारसपत्र जोडावं.

विवरणाला आईला तीन आठवडे लागले. वह्या पसरून ती एकेक वर्ष लिहीत बसली. वडील म्हणाले, "एक शिक्का करून घेऊ. 'गृहशाळा' म्हणून. तासाभरात मिळतो. शिक्का मारला की कागदाला वजन येतं."

"शाळाच नाही तर शिक्का कशाचा?" आई म्हणाली. "जे आहे ते लिहू. मुख्याध्यापकांच्या सहीच्या जागी मी लिहिलंय: आई."

शिफारसपत्र मात्र काकांवर आलं. आई आणि शून्य दोघी दुकानात आल्या, फॉर्म काउंटरवर ठेवला. काकांनी तो लांबून वाचला, चष्मा लावून वाचला आणि घाम पुसला. "ताई, मी दुकानदार माणूस. एखाद्या प्राध्यापकाला सांगा ना."

"काका, तिला प्राध्यापकांनी कुठे शिकवलंय? तुम्ही शिकवलंत."

हे वाक्य काकांना आत कुठेतरी जाऊन लागलं. फॉर्म त्यांनी ठेवून घेतला.

रविवारी दुकान बंद असतं. जेवण झाल्यावर काका कागद घेऊन बसले आणि दहा मिनिटांत उठले. काकूंनी वाचलं. 'मुलगी हुशार आहे. प्रवेश द्यावा. कळावे.'

"हे शिफारसपत्र आहे की चष्म्याची पावती?"

"खोटं आहे का काही त्यात?"

"खोटं नाही, पण खरंही पुरतं नाही. हे कुठल्याही मुलीला चालेल. माझ्या भाचीलासुद्धा, आणि ती कशी आहे ते तुम्हाला माहितीये."

काकांनी दुसरा कागद घेतला. या खेपेला कुठूनसे जड जड शब्द आणले: 'सदर विद्यार्थिनी', 'सर्वांगीण', 'उज्ज्वल'. काकूंनी तो वाचून त्याची घडी घातली आणि ती टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. "सुताराचं सांगा," त्या म्हणाल्या. "मला जसं त्या दिवशी जेवताना सांगितलंत, तसं. मी इथे बसते, मला सांगा आणि तेच लिहा."

मग काकांनी सांगितलं आणि लिहिलं. रस्ता उलटा का दिसतो ते आपल्यालाच माहीत नव्हतं, हेही लिहिलं. पेन्सिल आणि सहा अंश लिहिले. 'ती आठ वर्षांची असल्यापासून मला दर बुधवारी कळत गेलं की मला काय येत नाही,' असं लिहून ते थांबले, काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "राहू द्या. चांगलं आहे." दोन पानं भरली.

फॉर्ममधला एक रकाना उरला. 'आपण आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांमध्ये उमेदवाराचं स्थान: पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत, पन्नास टक्क्यांत.' काका बराच वेळ पेन चावत राहिले. शेवटी रकान्याच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, 'मी आजवर एकच विद्यार्थिनी शिकवली. त्यामुळे पहिली हीच आणि शेवटचीही हीच. टक्का आपण ठरवावा.'

महिन्याभराने प्रवेशाचं पत्र आलं. घरात आनंदीआनंद झाला, दुकानात काकूंनी येईल त्या गिऱ्हाइकाला बातमी सांगितली, आणि संध्याकाळी सगळ्यांनी पत्राचं दुसरं पान वाचलं. तिथे फी होती. पडदे आणि पार्सलं मिळून वर्षाला जे घरात येई, त्याच्या निम्मी. वडील म्हणाले, गाडीच्या जादा फेऱ्या करीन. आई म्हणाली, तेवढ्या फेऱ्या करायला दिवसाला चाळीस तास लागतील. मदतीसाठी अर्ज केला. तो आठ दिवसांत परत आला. कोपऱ्यात शेरा: 'शाळाप्रमुखांच्या सही-शिक्क्याअभावी अमान्य.'

वडिलांनी आईकडे पाहिलं. शिक्क्याचं ते काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

काकांनी हे ऐकलं आणि जे तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. कामाच्या दिवशी दुकान काकूंवर सोडून ते आई-मुलीबरोबर कॉलेजात गेले. आर्थिक मदत विभाग एका लांबलचक व्हरांड्याच्या शेवटी होता. मदतसाहेब पन्नाशीचे, नीटनेटके, केसांचा भांग पट्टीने आखल्यासारखा. वाईट माणूस नव्हता, नियमाचा होता. "कलम चौदा," ते म्हणाले. "शाळाप्रमुखांचं प्रमाणपत्र हवंच. माझ्या हातात काही नाही हो."

"शाळाच नसेल तर?" आईने विचारलं.

"शाळा नाही असं कसं असेल? कलमात तशी सोय नाही. हे बघा." त्यांनी नियमावली उघडली आणि लांब धरली. आणखी लांब धरली. मान मागे नेली. खुर्ची थोडी मागे सरकवली.

काका ते सगळं बघत होते. आता त्यांच्या चेहऱ्यावर दुकानातलं हसू आलं. "साहेब," ते हळूच म्हणाले, "हात पुरेनासा झालाय का?"

"काय म्हणालात?"

"वाचताना. दोनेक वर्षं झाली असतील. संध्याकाळी डोकं दुखतं. औषधाच्या बाटलीवरचं घरच्यांकडून वाचून घेता."

मदतसाहेब लालबुंद झाले. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी खिशातला स्वतःचा वाचायचा चष्मा काढून दिला. "प्लस दीड. तुम्हालाही साधारण तेवढाच लागेल. जरा बघा लावून."

साहेबांनी तो नाकावर ठेवला, कागदाकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड थोडं उघडंच राहिलं. पान उलटलं. टेबलावरचं रजिस्टर ओढून तेही पाहिलं. "अरे, हा रकाना 'पोच'चा आहे! मी वर्षभर इथे 'पाच' समजून आकडा लिहितोय." शून्यला हसू आवरेना, आईने तिच्या पायावर पाय दिला.

मग काका म्हणाले, "कलम चौदाच्या खाली मुंग्यांसारखं काहीतरी दिसतंय. मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. तो तुमच्याकडे आहे."

साहेबांनी तळटीप मोठ्याने वाचली. जसजशी वाचत गेले तसतसा आवाज उतरत गेला. 'जे उमेदवार शाळेत न जाता शिकले असतील त्यांच्याबाबत पालकांचं प्रतिज्ञापत्र आणि नात्याबाहेरील दोन व्यक्तींची साक्ष ग्राह्य धरावी. मात्र अशा उमेदवारांची मदत समितीने प्रत्यक्ष मुलाखत घ्यावी.' त्यांनी चष्मा काढून पुसला, जणू चूक त्याची होती. "आजवर असे आणखी दोन अर्ज परत पाठवलेत मी," ते म्हणाले. मग उठून कपाटातून त्यांनी ते दोन्ही शोधून काढले आणि टेबलावरच्या कागदांत सगळ्यात वर ठेवले.

शनिवारी मदतसाहेब दुकानात आले. काकांनी त्यांचा नंबर काढला, चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाले, "चष्मा मात्र दुसऱ्या दुकानातून घ्या. नाहीतर लोक म्हणतील काचेच्या बदल्यात सही झाली." साहेब गेल्यावर काकू दिवसभर फुरंगटून होत्या. त्या नाकाला शोभणारी फ्रेम त्यांनी मनात काढून ठेवली होती.

साक्षीदार दोन हवे होते. एक काका; दुसरा सुतार. त्याने आनंदाने सही केली. अर्थात कानावरच्याच पेन्सिलीने, त्यामुळे ती पुन्हा शाईने करून घ्यावी लागली.

मुलाखतीला समितीत तिघं होती: अध्यक्ष म्हणून रसायनाच्या एक वयस्क प्राध्यापिका, गणिताचे एक तरुण सर आणि नव्या चष्म्यातले मदतसाहेब. काकांना साक्षीदार म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं. ते चौथ्यांदा आपला चष्मा पुसत होते. शून्य मात्र दुकानात बसावी तशी बसली होती.

"घरी परीक्षा नाही, स्पर्धा नाही," गणिताचे सर म्हणाले. "तुला किती येतं हे तुला कळणार कसं?"

"किती येतं ते नक्की नाही सांगता येत," शून्य म्हणाली. "काय येत नाही त्याची यादी आहे. दाखवू का?"

तिने खरंच वही काढली. रसायन कच्चं, स्वयंपाकघरातला सोडा आणि लिंबू यांच्यापुढे फारसं काही हाताळलेलं नाही. प्रयोगशाळेत एकदाही काम केलेलं नाही. तीस जणांच्या वर्गात बसून ऐकायची सवय नाही. आपण मध्येच बोलतो. वेळ लावून पेपर लिहिला की शेवटचा प्रश्न राहतो. "तुमच्याकडे रसायनाचा तयारीचा वर्ग असतो असं माहितीपुस्तकात आहे," ती म्हणाली. "तो मला मिळाला तर बरं होईल."

अध्यक्षबाई हसल्या. "तीस वर्षांत माझ्याकडे तो वर्ग कुणी मागून घेतला नव्हता. लोक तो चुकवायला चिठ्ठ्या आणतात." मग त्या काकांकडे वळल्या. "पत्र तुम्ही लिहिलंत?"

काका उभे राहिले. "हो. म्हणजे, बायको समोर बसली होती."

"तुम्ही हिला शून्य म्हणता असं लिहिलंय."

"दोष नाही म्हणून. डोळ्यात," काका म्हणाले. मग प्रामाणिकपणा आडवा आला. "स्वभावात आहेत थोडे. कुणाचं बोलणं पुरं होऊ देत नाही."

"ते मी यादीत लिहिलंय," शून्य म्हणाली, काकांचं वाक्य संपायच्या आत.

निकाल पंधरा दिवसांनी आला. फीच्या चार हिश्श्यांपैकी तीन माफ. चौथ्यासाठी आठवड्याला आठ तास कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं पुसून-मांडून ठेवायचं काम. रसायनाचा तयारीचा वर्ग सक्तीचा. आईला तीन हिश्श्यांवर विश्वासच बसेना. तिने पत्र दुकानात आणून काकूंकडून वाचून घेतलं, मग काकांकडून, मग तिथे बसलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाकडून. वडिलांनी चौथ्या हिश्श्याबद्दल कुरकुर केली. पोरीने झाडूपुसू करत शिकायचं? शून्य म्हणाली, "बाबा, तिथे एवढ्या मोठ्या दुर्बिणी आहेत आणि ते मला त्यांना हात लावायचे पैसे देणारेत!" कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वडिलांनी पार्सलच्या गाडीतून तिचं सामान वसतिगृहात पोचवलं. आईने खोलीच्या खिडकीचं माप आधीच मागवून पडदा शिवला होता.

ऑक्टोबरात एका दुपारी दुकानातला फोन वाजला. काका बोळात एका बाईंचा नंबर काढत होते. काकूंनी फोन उचलला आणि ओरडल्या, "अहो, शून्य आहे! लवकर या!"

"काका!" पलीकडून आवाज इतका आनंदी होता की काकांना वाटलं पहिला नंबर आला. "मी नापास झाले! रसायनात!"

"अगं, मग यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे?"

"मी आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले! चाळीसपैकी तेरा. बाईंनी सगळ्यांदेखत वाचून दाखवले. मला वाटलं होतं फार भयंकर वाटेल. वाटलं, पण दहाच मिनिटं. मग माझ्या शेजारचा म्हणाला, मला अकरा आहेत, आपण मिळून अभ्यास करू या का? काका, मला माहितीच नव्हतं की अभ्यास मिळून करता येतो एवढ्या लोकांत! आता आम्ही पाच जण बसतो. मी त्यांना भौतिकी सांगते, ते मला रसायन. आणि फेरपरीक्षा पुढच्या सोमवारी आहे."

काकूंनी फोनला कान लावलेलाच होता. त्यांनी तो काकांच्या हातातून घेतला. "ते अकरा मार्कांचं काय म्हणालीस? मुलगा आहे?"

"काकू!"

"मी आपलं विचारलं. घरचे काय करतात?"

"काकू, त्याचा नंबर मायनस पाच आहे आणि तो चष्मा सारखा हरवतो, एवढंच मला माहितीये."

"मायनस पाच?" काका मागून म्हणाले. "फ्रेम बारीक घ्यायला सांग त्याला, काच पातळ पडेल. आणि दोरी लावून गळ्यात घालायची."

"तुम्ही थांबा हो जरा," काकू म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या, म्हणजे फोन आता लवकर संपणार नव्हता. काका तिथेच उभे राहून एकतर्फी संभाषण ऐकत राहिले आणि मधूनमधून "सोमवारी किती वाजता?" असं विचारत राहिले. तेवढ्यात बोळातून दबलेला आवाज आला. मघाच्या बाई अजून यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून, डोळे ताणून बसल्या होत्या.

"नंबरकाका, मी पापणी लववली तर चालेल का?"